दादा

आमच्या मजल्यावर 'दादा' या शब्दाला १९८२ पर्यंत एकच अर्थ होता. संडासाच्या बाजूच्या शेवटच्या खोलीतल्या मुलाला त्याच्या पाठच्या दोन बहिणी दादा म्हणायच्या, म्हणून सगळा मजलाच त्याला दादा म्हणायचा. त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. मला भाड्याच्या सायकलवर बसवून मागून कॅरिअर धरून पळणारा तोच, आणि गणपतीच्या मखरासाठी थर्माकोल कापताना ब्लेड कसं तिरपं धरायचं हे दाखवणाराही तोच. कबड्डीत डावा कोपरा त्याचा. त्याने एकदा घोटा धरला की सुटका नव्हती.

चाळ लालबाग आणि चिंचपोकळीच्या मधे. एका मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक दहा बाय बारा, समोरून सलग गॅलरी. आमच्या खोलीत आम्ही सहाजण, वर कणकवलीकडचे बाबांचे दोन गाववाले. त्यातला एक रातपाळीहून यायचा आणि दुसऱ्याच्या अजून गरम असलेल्या वळकटीवर आडवा व्हायचा. बाबा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. कानात कायम साच्यांचा खडखडाट भरलेला असल्यामुळे घरात ते मोठ्यानेच बोलत, आणि आम्ही पोरं भांडायला लागलो की त्यांचं एक 'गप रव' पुरायचं. ते 'गप रव' फक्त आम्हालाच नव्हतं. गॅलरीतून जाणाऱ्या कुणाच्याही पोराला ते लागू होतं.

गरिबीमुळे गुन्हेगारी वाढते, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो. भाषणांत, बँकेतल्या चहाच्या टेबलावर, टीव्हीवरच्या चर्चांत. ऐकलं की प्रत्येक वेळी तो मजला डोळ्यांपुढे येतो. गरिबी आमच्याकडे आजोबांपासून मुक्कामाला होती. तिने काही करायचं असतं तर आधीच केलं असतं.

तेव्हा सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. चाळीच्या आठवणी लिहिणाऱ्यांना ही खोड असते, कोजागिरीचं दूध आटवता आटवता ते दारूचा वास विसरतात. दारू होती, मटका होता, पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर व्याजाचे पैसे वसूल करायला उभे राहणारे सावकार होते. बायका मार खायच्या आणि शेजारणी ते कान देऊन ऐकायच्या. राजकीय खूनही झाले होते. आमदार कृष्णा देसाईंना १९७० मध्ये लालबागमध्येच मारलं गेलं, त्याची गोष्ट आम्ही मोठ्यांकडून कितीतरी वेळा ऐकली होती. पण पिस्तूल ही वस्तू आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती. मारामारी म्हणजे हात, पट्टा, फार तर सोड्याची बाटली.

१९८२ च्या जानेवारीतले दोन दिवस मला अगदी जवळजवळ आठवतात, कारण ते तसे होतेच. ११ तारखेला वडाळ्याला आंबेडकर कॉलेजजवळ मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईतलं पहिलं एन्काउंटर म्हणून ते पुढे सांगितलं जाऊ लागलं. १८ तारखेला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या आठवड्यात गॅलरीत चर्चा होती ती पहिल्या बातमीची. 'शिकलेला होता म्हणे,' हे जो तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. संपाचं काय, महिना-दोन महिने चालेल, बोनस-पगाराचं काहीतरी ठरेल, असंच सगळ्यांना वाटत होतं. मी बारा-तेरा वर्षांचा. मला तर बाबा दिवसा घरी असणार याचाच आनंद.

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

आधी दागिने गेले, मग पितळेची भांडी. दोन्ही गाववाले गावाला निघून गेले, वळकटी ठेवून, 'येतंव' म्हणून. आईने पापड लाटायला घेतले, समोरच्या काकूंनी घरात खानावळ काढली, पण जेवायला येणारे बदली कामगार, म्हणजे कायम नसलेले, गैरहजर माणसाच्या जागी लागणारे, तेच शहरात उरले नव्हते. हे सगळं पोटाचं झालं, आणि पोटाचं माणूस कसंतरी निभावतो. मला आठवतं ते वेगळंच. बाबा पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे. अंघोळ करायचे, शर्ट घालायचे आणि गॅलरीत कठड्याला टेकून उभे राहायचे. भोंगा वाजत नव्हता. वीस खोल्यांपुढे असे पंधरा-सोळा बाप्ये रोज सकाळी शर्ट घालून उभे असायचे. पहिले काही महिने ते एकमेकांशी बोलत. पुढे पुढे नुसते खाली रस्त्याकडे बघत.

दादा तेव्हा एकोणीसचा. वडिलांच्या जागी त्याला बदलीत लावायचं ठरलेलं होतं. गिरणगावात ते असंच चालायचं, बापाच्या खात्यात पोरगा आधी बदली म्हणून जायचा, चार-पाच वर्षं कार्डावर काढायचा, मग कायम व्हायचा. तेवढ्यावर लग्नं ठरायची. त्याच्यासाठी मुकादमाला जे काही द्यायचं असतं तेही त्याच्या वडिलांनी देऊन झालं होतं. ते पैसेही गेले आणि बदलीही.

तो आधी भाजी विकायला बसला. मग कुरिअरचं काही पाहिलं. मग मंडळाची वर्गणी गोळा करायला जाऊ लागला. हे काम तो आधीही करायचा, पण आता गणपती नसतानाही वर्गणी निघू लागली. दुकानदार देत होते. मंडळ, व्यायामशाळा, कबड्डीचा संघ, ही जी आमची जागा होती, तिथेच कुणीतरी नवीन माणसं येऊन बसू लागली. त्यांनी सामन्याला ट्रॉफ्या दिल्या, टी-शर्ट दिले. भायखळ्याला बाबू रेशीम, रमा नाईक, अरुण गवळी यांची टोळी जमली होती, आणि अशा टोळ्यांना हातपाय मजबूत असलेली, गल्लीबोळ पाठ असलेली, दुपारी मोकळी असलेली पोरं हवी होती. गिरणगावात तशी पोरं तेव्हा हजारांनी होती.

मला तो बदल पायांवरून कळला. एके दिवशी दादाच्या पायात पांढरे स्पोर्ट्स शूज होते, नवेकोरे. संप सुरू झाल्यापासून आमच्या मजल्यावर नवी चप्पल आलेली नव्हती. आई जुन्या चपलेला खालच्या चांभाराकडून तिसऱ्यांदा अंगठा लावून घेत होती. दादा गॅलरीतून चालत गेला तेव्हा शर्ट घालून उभे असलेले ते सगळे बाप्ये त्या बुटांकडे बघत होते. पाच वर्षांपूर्वी त्यातला कुणीतरी नक्की म्हणाला असता, 'काय रे, कुठून आणलेस?' त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

चौऱ्याऐंशी साली मी दहावीत होतो. बोर्डाचा फॉर्म भरायची वेळ आली आणि घरात फीचे पैसे नव्हते. आई दोन खोल्यांत विचारून आली. दुसऱ्या दिवशी शाळेत सरांनी मला बोलावून सांगितलं, तुझी फी भरली गेलीय. दादाने भरली होती, शाळेत येऊन, स्वतः. पावती त्याने आईच्या हातात दिली आणि म्हणाला, 'काकी, ह्याला शिकू दे.'

संध्याकाळी बाबांना कळलं. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलो होतो, आता आवाज चढणार म्हणून अंग चोरून. त्यांनी पावती हातात घेतली, उलटसुलट केली आणि आईच्या डब्यात ठेवली. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने दादा गॅलरीतून गेला, कुणालातरी खाली शिवी हासडत. बाबांचा 'गप रव' आला नाही. त्यानंतर त्या पोराला तो कधीच आला नाही, आणि हळूहळू आम्हालाही.

बँकेत लागल्यावर मला गरिबी आणि गुन्हेगारी या विषयावर मिळेल ते वाचायची सवय लागली. शिकागोतल्या एका अभ्यासाशी मी बराच काळ अडलो होतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. ३४३ वस्त्या, ८,७८२ माणसं. त्यांना विचारलेले प्रश्न वाचून मी हातातला कागद खाली ठेवला. पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी राहिली तर तुमचे शेजारी काही बोलतील का? एखादं पोर मोठ्या माणसाशी उद्धटपणे वागलं तर? घरासमोर मारामारी झाली तर कुणी मधे पडेल का? ज्या वस्तीत 'हो, बोलतील' असं उत्तर येत होतं तिथे हिंसा कमी होती, वस्ती गरीब असली तरीही. आणि गरिबी जिथे साचून राहिली होती, तिथे हे बोलणंच खुंटलं होतं. गरिबीचा आणि खुनांचा जो थेट संबंध दिसतो, त्याचा मोठा भाग या बोलण्या-न बोलण्यातून जातो, असं त्यांचं म्हणणं. विद्यापीठातल्या माणसांना आठ हजार लोकांना विचारून जे सापडलं, ते आमच्या गॅलरीत एका पावतीने झालं होतं. ज्याच्या पैशाने घरात काही आलंय त्याला काय बोलणार? आणि ज्याचा स्वतःचा पगार बंद झालाय, त्याने कुठल्या तोंडाने बोलायचं?

शब्दही बदलले. दादा म्हणजे थोरला भाऊ, भाई म्हणजेही भाऊच, पण हे शब्द आता कानात कुजबुजायचे झाले. दगडी चाळीत गवळीला 'डॅडी' म्हणू लागले. चौकातला हवालदार तर आधीपासूनच 'मामा' होता. घरातलं एकेक नातं रस्त्यावर जाऊन बसलं. सुपारी आमच्या गावी लग्नाच्या बोलण्यात फोडतात, इथे ती माणसाची निघू लागली.

मी हे सगळं भुकेच्या माथी मारत नाही. आमच्या मजल्यावरच्या तीसेक पोरांपैकी त्या वाटेला दोनच गेले. बाकीचे वॉचमन झाले, एलआयसीचे एजंट झाले, टॅक्सीवर गेले, काही गावाला जाऊन आंब्याच्या कलमांना पाणी घालत बसले. भूक सगळ्यांना सारखीच होती. पण पोलिसांची गाडी आली की उचलताना तिसांपैकी कुणालाही उचलायचे, आणि नोकरीच्या अर्जावर पत्ता वाचून समोरचा माणूस चष्म्यावरून बघायचा तो तिसांकडेही सारखाच. मी स्वतः काही वर्षं काळाचौकीच्या मावशीचा पत्ता लिहीत होतो. त्याने काय फरक पडत होता देव जाणे, काळाचौकी काही मलबार हिल नव्हे.

आणि रक्त सांडायचं ते बहुतेक वेळा पैशासाठी सांडतच नव्हतं. आमच्या चाळीतला पहिला खून नळावर झाला. ८६ चा मे महिना, पाणी पहाटे अर्धा तास यायचं. एक काका पूर्वी गिरणीत मुकादम होते. त्यांची बादली कुणीतरी रांगेतून मागे सरकवली. त्यांनी आवाज चढवला. समोरचा तिशीतला, म्हणाला, 'तुमची मुकादमी गेटाच्या आत, ती गेट पण आता राहिली नाय.' लोक हसले. मीही हसलो, डबा घेऊन मागेच उभा होतो. काका वर गेले आणि नळाचा लोखंडी पाना घेऊन खाली आले. दोन घाव. तो माणूस केईएमला नेईपर्यंत गेला. काकांना पकडायला मामा आले तेव्हा ते आपली बादली भरत होते. खरंच भरत होते. बादली भरून वाहू लागली तरी नळ त्यांनी बंद केला नाही.

आता राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे बघतो तेव्हा तो पाना आठवतो. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खून नोंदले गेले. त्यातले ९,९६२ वादावादीतून, म्हणजे शंभरातले पस्तीस. जुन्या वैरातून ३,७६१. पैसा-मालमत्ता मिळवण्यासाठी केलेले खून १,८८४, शंभरातले सातसुद्धा नाहीत. गरीब माणूस पोटासाठी सुरा काढतो हे आपण सिनेमांमुळे धरून चाललोय. तो सुरा निघतो तो बहुतेक वेळा कुणीतरी चारचौघांत हसलं म्हणून. गमावलेली जागा कुणी बोट ठेवून दाखवली म्हणून. श्रीमंताच्या अपमानाला वकील असतो, दुसरी नोकरी असते, निघून जायला दुसरं गाव असतं. नळाच्या रांगेतून निघून जाणार कुठे?

त्यातही, सगळेच सारखे फाटके असतील तर माणूस सोसतो. आम्ही सोसलंच की. अंतर वाढत गेलं की मात्र गणित बदलतं. फाइनझिलबर, लेडरमन आणि लोआइझा या तीन अर्थतज्ज्ञांनी ३९ देशांतल्या खुनांच्या आकड्यांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात देश गरीब की श्रीमंत यापेक्षा उत्पन्नातली तफावत किती, हे खुनांच्या प्रमाणाशी जास्त घट्ट बांधलेलं दिसलं. आमच्याकडची तफावत मोजायला अर्थतज्ज्ञ लागत नव्हता. ती आमच्या पायाखालीच होती.

गिरण्या बंद पडल्या आणि मालकांच्या लक्षात आलं की कापडापेक्षा जमीन महाग आहे. सहाशे एकरांच्या आसपास जमीन, शहराच्या ऐन मध्यात. १९९१ मध्ये नियम आला, विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा. जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे, एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये त्या नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या, ती या हिशेबातूनच गेली. कोर्टात वर्षं गेली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. त्याच्या आदल्या वर्षी मुंबई टेक्स्टाइल मिलची साडेसतरा एकर जमीन ७०२ कोटींना विकली गेली होती. मी बँकेतला माणूस, पेपरच्या मार्जिनमध्ये भागाकार केला. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीएवढ्या तुकड्याला अकरा लाख. बाबांना हा आकडा सांगितला. त्यांचा चेहरा काही बदलला नाही. त्यांनी फक्त विचारलं, 'नुसत्या जमिनीला?'

ही जमीन नुसतीच हातोहात गेली असं नाही. मधल्या दहा-पंधरा वर्षांत तिच्यासाठी माणसं लागत होती. गेटवर उभी राहणारी, कामगारांच्या घरी जाऊन राजीनाम्याच्या कागदावर सही करा म्हणून समजावणारी, मशिनरी रात्रीत हलवताना कुणी आडवं येऊ नये म्हणून पाळत ठेवणारी. दादा त्या कामाला होता. आमच्याच मजल्यावरच्या दोन घरांत तो असा कागद घेऊन आला. आवाजही न चढवता. 'काका, करून टाका. उद्या हेही मिळायचं नाय.' ते ज्याच्यासाठी चाललं होतं तो माणूस आमच्या गॅलरीत कधी आला नाही. लोकांना दिसायचा तो दादा आणि त्याचे पांढरे बूट. पेपरांतही फोटो यायचे ते चाळीचे.

एवढ्या वर्षांनी माझं मत झालंय ते असं. गुंड गरीब वस्तीत तयार होतो हे खरंच आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचं काम गरीब वस्तीतून येत नाही. पानाच्या टपरीवरून हप्ता गोळा करून कुठली टोळी मोठी होत नसते. तिला मोठं करतं ते वरून आलेलं काम, आणि ते काम निघतं जिथे एका बाजूला एकराला चाळीस कोटी असतात आणि दुसऱ्या बाजूला एका बुटाच्या जोडावर राजी होणारा पोरगा. या दोन टोकांमधलं अंतर जेवढं जास्त, तेवढा सौदा सोपा. पुढे ते वरच्यांवरही उलटलं. १९९४ मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव यांना महालक्ष्मीजवळ त्यांच्या गाडीतच गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्या खुनाचा संबंध गिरणीच्या जमिनीच्या व्यवहाराशी जोडला गेला. १६ जानेवारी १९९७ ला पवईत घराजवळ डॉ. सामंतांचा खून झाला. बाबा त्या दिवशी पहाटेसारखा शर्ट घालून गॅलरीत उभे राहिले. संध्याकाळची वेळ होती.

माझ्या या मतात एक भोक आहे, ते मलाच दिसतं. तफावत तर तेव्हापासून वाढतच गेली. जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबात भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा जातो. आणि खून? ते घटले. २०२२ मध्ये लाखामागे दोनच्या थोडं वर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला याच्या दुपटीहून जास्त होते. मुंबईत तेव्हासारख्या टोळ्या राहिल्या नाहीत. मकोका हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा आला, एन्काउंटर झाली, हे एक कारण सांगतात. मला दुसरं एक दिसतं, आणि ते फारसं अभिमानाचं नाही. ज्यांच्यातून टोळीला पोरं मिळायची ती वस्तीच उठली. आम्ही डोंबिवलीला गेलो, कुणी बदलापूर, कुणी विरार, कुणी कायमचं गावी. जमिनीचा सौदा एकदा पुरा झाल्यावर गेटवर उभ्या राहणाऱ्या पोरांची गरज संपली. आता तिथे गणवेशातले सिक्युरिटी गार्ड असतात, बारा तासांची ड्यूटी.

भिवंडीचं उदाहरण मात्र मला पुन्हा पुन्हा आठवतं, आणि त्याला गिरण्यांचाच धागा आहे. मुंबईतलं विणकाम जे बंद झालं ते बऱ्याच प्रमाणात भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं, कमी मजुरीत, जास्त तासांवर. लालबागपेक्षा गरीब, दाटीचं गाव. १९८४ च्या दंगलीत होरपळलेलं. तिथे १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान दोन्हीकडची माणसं, यंत्रमागवाले, दुकानदार, रिक्षावाले, आणि त्यांच्यात बसणारा हवालदार. गटार तुंबलं, पोर पळून गेलं, नवरा मारतो, अशा फुटकळ गोष्टींवर बैठका. डिसेंबर ९२ मध्ये बाबरी पाडल्यावर मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तो टोळीयुद्धाचा मामला नव्हता हे मला कळतं, दंगल वेगळी आणि सुपारी वेगळी. पण गरिबी तिथे एका पैशाने कमी झाली नव्हती. फक्त 'गप रव' म्हणणारं कुणीतरी पुन्हा उभं राहिलं होतं आणि त्याच्या मागे मामा उभा होता.

दादा ९० साली गेला. संध्याकाळी सातच्या सुमारास, सात रस्त्याच्या पुढे, टपरीवर. दुसऱ्या टोळीने मारला की आपल्याच, हे आम्हाला कधी कळलं नाही, त्याच्या आईलाही नाही. मी तेव्हा बँकेत नवा होतो. पहिल्या पगारातून फीचे पैसे परत करायला मी त्याच्याकडे गेलो होतो, तर तो हसला आणि माझ्या हातातलं पाकीट माझ्याच खिशात कोंबलं. 'ठेव. बुडवलेस असं समज.' म्हणून तो गेल्यावर ते पाकीट मी त्याच्या आईला नेऊन दिलं. तिने उघडलं नाही. देवाच्या फोटोमागे ठेवलं.

गिरणी कामगारांना घरं मिळणार म्हणून अर्ज भरून घ्यायला लागले तेव्हा ती माझ्याकडे डोंबिवलीला आली, २०१२ च्या सोडतीच्या आधी. नवरा वारलेला, त्याचं तिकीट नंबर असलेलं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत. अर्ज लाखाच्या वर जमा होणार होते आणि घरं काही हजारच, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, 'भर तू. बँकेतला ना?'

भरत गेलो. गिरणीचं नाव, खातं, कामाला लागल्याचं साल. मग वारसांचा रकाना. तिने दोन्ही मुलींची नावं सांगितली, सासरच्या आडनावांसकट. मी लिहिली आणि कागद उलटणार, तर तिने पेनावर बोट ठेवलं आणि तिसरं नाव सांगितलं. मला क्षणभर कळलंच नाही हे कुणाचं, कारण आम्ही कुणी ते कधी उच्चारलं नव्हतं. मग कळलं. चालणार नाही, काकी, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि लिहून टाकलं.

पुढचा रकाना वयाचा होता. मी तिच्याकडे बघितलं.

'सत्तावीस,' ती म्हणाली.